दीड इंचाचा अर्ज

प्रति,
लांब पल्ल्याच्या मोटरसायकलींचे आराखडे करणारे सर्व अभियंते,
मुक्काम पुणे, चाकण, होसूर, चेन्नई, गुरुग्राम किंवा असाल तिथे.

महोदय, महोदया,



मी गोंदियात राहतो, हायस्कूलला गणित शिकवतो आणि सुट्टी लागली की मोटरसायकल काढतो. वय त्रेपन्न, उंची सहा फूट एक इंच. बाघ नदी ओलांडून बालाघाट, बैहर, पुढे कान्हाचं मुक्की गेट. नाहीतर देवरीवरून छत्तीसगडात शिरून थेट बस्तर, चित्रकोटचा धबधबा. एकदा अमरकंटकही झालं. माझी गाडी तुमच्यापैकीच कुणीतरी आखलेली आहे आणि ती मला ‘टूरिंग’ म्हणून विकलेली आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही. एकीचं नाव घेतलं तर बाकीच्या हसून पत्र बाजूला ठेवतील, आणि दुखणं तर सगळ्यांकडचं सारखंच आहे.

दुखणं असं: हँडल मला दीड इंच खाली पडतं.

हे वाचून तुमच्यापैकी कुणी म्हणेल, एवढंच? हो, एवढंच. पण त्या दीड इंचाने बसल्या बसल्या कोपर ताठ होतात, छातीचं ओझं तळव्यांवर येतं, आणि शंभरेक किलोमीटर झाले की करंगळी नि तिच्या शेजारचं बोट बधिर होतं. डॉक्टर म्हणाले, अल्नर नस दबते. उपाय विचारला तर म्हणाले, गाडी विका. त्यांची फी दिली आणि गाडीवर बसून घरी आलो.

बसण्याचं तरी सोसता येतं. उभं राहण्याचं येत नाही. आमच्याकडे जुलैत ट्रॅक्टरला लोखंडी केजव्हील चढतात, आणि एका बांधीतून, म्हणजे भाताच्या खाचरातून, दुसऱ्या बांधीत जायला हे ट्रॅक्टर डांबरी रस्त्यानेच जातात. त्यानंतर त्या रस्त्याचं जे होतं त्यावरून गाडी न्यायची तर फुटरेस्टवर उभं राहावं, धक्के गुडघ्यांनी खावेत. हे मला तुमच्याच जाहिरातींनी शिकवलं. जाहिरातीतला पोरगा ताठ उभा असतो, नजर डोंगरावर. मी उभा राहिलो की हँडल पार खाली जातं आणि ते धरायला मला कमरेतून वाकावं लागतं. बाजूच्या बांधीत बाया भाताची रोवणी करत असतात, त्याही तशाच वाकलेल्या. त्या पोटासाठी दिवसभर वाकतात, मी हौसेसाठी तासभर. म्हणून पाठदुखीची गोष्ट मी गावात बोलत नाही, तुमच्याकडे बोलतो.

आधी एक आठवण सांगतो, म्हणजे माझी अपेक्षा कुठून आली ते कळेल. आमच्या घरी काळी सायकल होती. वडील ती चालवायचे, मी नववीत गेल्यावर ती माझ्याकडे आली, आणि तीन वर्षांत मी सुरूच्या झाडासारखा वाढलो. सायकल दुरुस्तीवाल्याने काय करावं? हँडलच्या दांडीवरचा एकच बोल्ट पान्याने दोन-तीन आटे ढिला केला, वर लाकडाचा तुकडा ठेवला आणि हातोडीचा एक ठोका दिला. आतली पाचर सुटली. हँडल हवं तेवढं वर ओढलं, बोल्ट आवळला, चार आणे घेतले. पुढे वडिलांनी राजदूत मोटरसायकल घेतली. तिचा पुढचा ब्रेक ड्रमचा, तारेवर चालणारा. तिचं हँडलही मिस्त्रीने एका दुपारी बदलून दिलं होतं. आता दोन लाखांच्या वर पैसे मोजून घेतलेल्या गाडीला, जिच्या काचेवर मोबाइलचा नकाशा उमटतो, तिला ही सोय नाही.

मग मी तेच केलं जे माझ्यासारखे सगळे करतात. रायझर मागवले. रायझर म्हणजे ॲल्युमिनियमचे दोन ठोकळे. हँडल ज्या क्लॅम्पमध्ये बसतं त्याच्या खाली घालायचे आणि लांब बोल्टने आवळायचे. माझे चाळीस मिलिमीटरचे होते. गणिताचा मास्तर असल्यामुळे आधी हिशेब केला. फोर्कचा कणा उभ्या रेषेपासून मागे कललेला असतो, माझ्या गाडीच्या पुस्तकात तो कोन २६ अंश दिलाय. म्हणजे चाळीसचा ठोकळा हँडलला छत्तीस मिलिमीटर वर नेतो आणि साडेसतरा मिलिमीटर मागे, माझ्याकडे आणतो. दीड इंचाला दोन मिलिमीटर कमी. दहावीच्या वर्गात हे उदाहरण फळ्यावर घातलं तेव्हा त्रिकोणमितीत पहिल्यांदा शेवटचा बाक जागा झाला.

एका गॅरेजात गेलो. कुठल्या ते विचारू नका, पोरगा चांगला होता, फक्त घाईत होता. चहा येऊन संपेपर्यंत ठोकळे बसले. “हो गया सर.” मी गाडीवर बसलो आणि खरं सांगतो, डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. कोपर सैल, खांदे सैल, पाठ सरळ. ही गाडी अशीच असायला हवी होती.

पुढच्या रविवारी नवेगाव बांधच्या बाजूला निघालो. रोवणीचे दिवस, दोन्हीकडे बांध्यांत पाणी. एक फाटा चुकला म्हणून गाडी मागे वळवायला घेतली. चालीच्या वेगाने, हँडल डावीकडे पूर्ण. आणि इंजिनाने आपोआप आवाज चढवला. मी रेस दिली नव्हती. क्लच अर्धा सुटलेला होता, गाडीने उडी घेतली, आणि मी, गाडी आणि डब्यातली भाजी-पोळी असे तिघेही बांधीत. चिखल मऊ, पाणी घोट्यापर्यंत, म्हणून लागलं काहीच नाही, क्लचचा लिव्हर तेवढा वाकला. रोवणीतल्या एका मावशीने कंबर सरळ केली, माझ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, “काजी भाऊ, गाडीनंच चिखलनी करून रायले का?” सगळ्या बांधीत हशा. मग त्यांच्यातल्याच पाचजणींनी गाडी ओढून वर काढून दिली.

झालं होतं एवढंच: हँडल उंच झालं, पण रेसची वायर तेवढीच राहिली. हँडल डावीकडे वळलं की उजवी मूठ पुढे जाते, वायर ताणली जाते, आणि वायरला काय कळतं की तिला मूठ ओढतेय की वळण. ती रेस देते. हे तपासायला दहा सेकंद पुरतात. गाडी न्यूट्रलला चालू ठेवायची, हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं, इंजिनाचा आवाज जरासुद्धा बदलता कामा नये. दहा सेकंद! तुमच्या मालक-पुस्तिकेत ‘अनधिकृत फेरफार करू नयेत’ ही ओळ मी तीन ठिकाणी मोजली. ही दहा सेकंदांची परीक्षा एकाही पानावर नाही. फेरफार करू नका म्हटल्याने लोक थांबत नाहीत, फक्त न सांगता करतात. आमच्या शाळेतल्या मोबाइलबंदीचा अनुभव आहे.

ठोकळे काढून पिशवीत घातले आणि दुसऱ्या खेपेला मी एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेलो. राजदूतच्या जमान्यापासून हात काळे केलेला माणूस. त्यांनी पाना उचललाच नाही. मला गाडीवर बसवलं, डोळे मिटायला सांगितले, म्हणाले, “हात वर घ्या, आता सोडा, जिथं येतील तिथं थांबवा.” मी हात थांबवले तिथे, हवेत, त्यांनी टेपने टाकीपासूनचं अंतर मोजलं आणि जमिनीवर खडूने लिहिलं. तीनदा केलं. तिन्ही आकडे एका बोटाच्या फरकात आले. मग जुनी गोधडी टाकीवर घातली, क्लॅम्प उघडला, हँडल नुसतंच वर धरून खाली लाकडाचे दोन तुकडे सरकवले आणि सुतळीने बांधून ठेवलं. रायझर अजून पिशवीतच. “आधी लाकूड बसू द्या, मग लोखंड बसेल.” हँडल उजवीकडे, हँडल डावीकडे, आणि मिस्त्री वाकून, चष्मा कपाळावर, एकेक वायर बोटाने चाचपत. क्लचची वायर चेसीसच्या मानेला बाहेरून वळसा घालून गेली होती, ती आतून घेतली, सव्वा इंच मोकळा झाला. रेसच्या दोन्ही वायरी एका प्लॅस्टिकच्या क्लिपने उगाच आवळून ठेवल्या होत्या, ती क्लिप काढली, तेवढ्यात भागलं. स्विचच्या वायरिंगला भरपूर ढील होती. मग ते पुढच्या ब्रेकच्या होजवर, म्हणजे ऑइलच्या नळीवर, आले आणि थांबले. होज दोन बोटांत धरून छेडला. एकतारीच्या तारेसारखा तो ताठ होता.

“हा नाही जात,” म्हणाले, आणि हात पुसायला लागले.

इथेच माझं खरं भांडण आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. जुन्या डिस्क ब्रेकच्या गाडीत होज हँडलवरून सरळ पुढच्या चाकाकडे जायचा. हँडल वळलं की चाकही वळतं, दोघं बरोबर फिरतात, होजला वळणाचा ताण यायचाच नाही. २०१९ च्या एप्रिलपासून १२५ सीसीच्या वरच्या प्रत्येक नव्या गाडीला एबीएस सक्तीचं झालं. फार चांगलं झालं, त्याबद्दल वाद नाही. पण एबीएसचा डबा चेसीसवर पक्का बसतो. होज आता फिरणाऱ्या हँडलवरून न फिरणाऱ्या डब्याकडे जातो आणि तिथून दुसरी नळी चाकाकडे. म्हणजे प्रत्येक वळणाला त्याला लांबावं-आखडावं लागतं, आणि त्याला तुम्ही मोजून-मापून, वीतभर तर सोडाच, बोटभरसुद्धा जास्त लांबी दिलेली नाही. ताणलेला होज पहिल्या दिवशी फुटत नाही. तो टोकाच्या बँजो बोल्टच्या मुळाशी रोज थोडा थोडा पिळतो. तो कुठे आणि कधी हार मानेल हे मला सांगता येत नाही, तुम्हाला येतं, कारण प्रयोगशाळा तुमच्याकडे आहे. आणि देशभर हजारो गाड्यांना सातशे रुपयांचे ठोकळे चहा संपेपर्यंत बसवले जाताहेत.

अधिकृत सर्व्हिस सेंटरला मी फोन केला, मग स्वतः गेलो. थोडा लांब होज मिळेल का? असा पार्टच नाही. मापाचा करून देता? नाही. मी बाहेरून करून लावला तर? वॉरंटी जाईल. मग मी काय करावं? काउंटरवरच्या मुलीने फार प्रेमाने विचारलं, “सर, दुसरं मॉडेल बघताय का?”

शेवटी नागपुरात मापाचा होज करून घेतला, स्टीलच्या जाळीचा. मिस्त्रींनी तांब्याचे वायसर नवे घातले, जुने पुन्हा लावू दिले नाहीत. ब्रेक ऑइल डीओटी ४, डबा नवाच फोडायचा, कारण उघडा राहिलेला डबा हवेतलं पाणी पितो. टाकीवर एक थेंब पडला तरी रंग जातो म्हणून गोधडीवर पुन्हा गोधडी. मग हवा काढायचं काम. मी लिव्हर दाबायचा, ते खाली निपल उघडायचे, पारदर्शक नळीतून बुडबुडे यायचे, “सोडू नका, सोडू नका, आता सोडा.” तासभर आमचा एवढाच संवाद. बुडबुडे संपल्यावरही त्यांनी लिव्हर रात्रभर सुतळीने दाबून बांधून ठेवला आणि सकाळी पुन्हा दोनदा हवा काढली. हँडल फिरवल्याने ऑइलची टाकी तिरकी झाली होती, तीही सपाट करून घेतली. मजुरी सांगितली साडेचारशे रुपये. मी जास्त दिले तर परत केले.

हा माणूस मला सापडला. सगळ्यांना सापडेल?

आता तुम्ही कायद्याकडे बोट दाखवाल, तेव्हा मीच दाखवतो. मोटार वाहन कायदा, १९८८, कलम ५२: कंपनीने ठरवलेल्या आणि नोंदणीत आलेल्या तपशिलात फरक पडेल असा फेरफार मालकाने करू नये. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने हेच ठणकावून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२ए आलं, बेकायदा फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पण त्याच कलम ५२ खाली फेरफाराची व्याख्या आहे: वाहनाच्या रचनेत असा बदल, ज्याने त्याचं मूळ स्वरूप बदलतं. हँडल दीड इंच वर गेल्याने मोटरसायकलचं मूळ स्वरूप बदलतं का? माझ्या आरसीवर चेसीस नंबर आहे, इंजिन नंबर आहे, व्हीलबेस आहे, रंगसुद्धा आहे. हँडलच्या उंचीचा रकाना नाही. तरी नाक्यावर हवालदाराने विचारलं तर मी त्याला व्याख्या वाचून दाखवणार, की चित्रकोट गाठणार? विमा कंपनीचा माणूस तर हवालदाराहून बारीक वाचतो.

आणि हा प्रश्न मी सोडवू शकत नाही, तुम्ही सोडवू शकता. पुण्यात १९६६ पासून गाड्या तपासणारी एआरएआय बसलेली आहे, तुमची प्रत्येक नवी गाडी अशाच संस्थेतून मंजुरी घेऊन बाहेर पडते. मंजुरीला गाडी नेताना एका हँडलऐवजी दोन उंच्या न्या. एक नेहमीची, एक दीड-दोन इंच वरची, तिला लागणाऱ्या होजसकट. मग ती तुमची ठरवलेली रचना, माझा फेरफार नाही. अशी गोष्ट जगात कुणी केलीच नाही असंही नाही. हार्ले-डेव्हिडसनच्या सुट्या भागांच्या यादीत उंच हँडलं मिळतात आणि त्यांच्याबरोबर लागणाऱ्या लांब केबली आणि ब्रेकच्या नळ्याही मिळतात. त्या गाड्यांचे काही मालक हौस म्हणून डोक्याएवढी उंच हँडलं लावतात, माकडासारखं लोंबकळत जातात. ते मला नको. छातीवर वारा घेत, पुढच्या चाकावरचं वजन हलकं करून ताशी शंभरने डगमगत जायची माझी इच्छा नाही. माझं मागणं एका बोटाच्या दोन पेरांएवढं आहे.

शिवाय हे फक्त उंच माणसाचं रडगाणं समजू नका. आमच्याच शाळेतल्या विज्ञानाच्या बाई पाच फूट एक इंच, त्यांनीही माझ्यासारखीच गाडी घेतलीय. त्यांना हँडल वर नको, जवळ हवंय. क्लॅम्पचा पाया मध्याच्या जरा मागे ठेवून तो उलटा फिरवता येईल असा केला तर त्यांचं काम एका एलन चावीने होतं. चिखलातल्या शर्यतींच्या गाड्यांना फोर्कच्या वरच्या टीवर हँडलसाठी एकाहून जास्त भोकं असतात, हे तुम्हालाच काय सांगायचं. एक जादा भोक पाडायला ड्रिलला किती वेळ लागतो?

तेव्हा होज अडीच-तीन इंच लांब द्या, किंवा लांब होजला एक पार्ट नंबर द्या आणि तो नागपूरपर्यंत तरी पोचवा. पुस्तिकेत एक पान लिहा: हँडल जास्तीत जास्त किती वर नेलं तर चालेल, कुठली वायर कुठून फिरवायची, बोल्ट किती न्यूटन-मीटरने आवळायचे, दहा सेकंदांची परीक्षा कशी घ्यायची. मराठीत लिहा, हिंदीत लिहा, चित्रं काढा. ते पान माझ्यासाठी नाही. ‘हो गया सर’ म्हणणाऱ्या त्या घाईतल्या पोरासाठी आहे. त्याला कुणी शिकवलंच नाही, आणि तुमच्या गाड्यांपैकी बऱ्याच गाड्या वॉरंटी संपल्यावर त्याच्याच हातात येतात.

आणि एक आमंत्रण. तुमच्यापैकी एकाने, शक्य तर ज्याने हँडलची उंची ठरवली त्यानेच, जुलैत गोंदियाला यावं. गीतांजली एक्सप्रेसने आलात तरी चालेल, आमच्या जंक्शनला बऱ्याच गाड्या थांबतात. मी तुम्हाला कंपनीतून आली तशीच, ठोकळे काढलेली गाडी देईन. आमगाव, सालेकसा, दरेकसा, हाजरा फॉलपर्यंत, वाटेत केजव्हीलने खाल्लेला रस्ता लागेल तिथे उभं राहून. परतताना मिस्त्रींकडे थांबू, ते तुम्हाला डोळे मिटून हात सोडायला सांगतील. जेवण आमच्याकडे, नव्या तांदळाचा भात मिळणार नाही, तो दिवाळीनंतर, पण जुना चांगला आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एमएच ३५ चा एक ग्राहक,
गोंदिया

ता. क. पत्र मिस्त्रींना वाचून दाखवलं. ते म्हणाले, “बाकी काय लिवलं ते मले नाय कळत. पन होज पाठवतील तं तांब्याचे वायसर संगं पाठवा म्हनाव. चार.”